घरगुती, पण विकतच्यासारखं

चॉकलेट सिरप घरी करणाऱ्याला सिरपचं फारसं काही नसतं. त्याला चारचौघांत 'घरीच केलंय हो' एवढंच म्हणायचं असतं. कोको, साखर, गॅस हा त्या वाक्याचा कच्चा माल.

कृती म्हणाल तर पोह्यांपेक्षा सोपी. वाटीभर कोको आणि दीड वाटी साखर कोरडीच कालवायची, कारण नुसता कोको पाण्यात टाकला की गुठळ्या करून तरंगत बसतो. मग वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, मंद आच. गरम असताना ते पातळच दिसतं. दाट होईपर्यंत आटवलं तर गार झाल्यावर बाटलीतून बाहेर यायला नकार देतं. व्हॅनिला गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास शेजाऱ्यांना आणि सिरप आपल्याला. एवढ्याशा कामाला मी 'प्रक्रिया' म्हणते आणि कोणी विचारलं नसलं तरी १८२८ सालच्या व्हान हाउटेन नावाच्या कोकोवाल्या डच माणसापासून सुरुवात करते.

खरी परीक्षा बाटलीची. काचेची हवी, उकळलेली, खडखडीत कोरडी; आणि सिरप गार होईपर्यंत झाकण नाही, नाहीतर वाफेचं पाणी आत ठिबकून बुरशी धरते. आमच्या माळ्यावर मधाच्या, जॅमच्या, कॉफीच्या रिकाम्या बाटल्या आहेत. झाकणं वेगळ्या डब्यात. छत्तीस गुण जमतील, पण झाकण आणि बाटली जमत नाही. जमलीच तर ती लोणच्याची निघते, आणि तिला आठवडाभर उन्हं दाखवा, हिंग काही घर सोडत नाही. शेवटी कॉफीची सापडली. तिच्यावर मी वळणदार अक्षरात नाव-तारीख चिकटवली, फ्रिजमध्ये दर्शनी भागी ठेवली आणि फोटो काढला.

आई दर मे महिन्यात रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. दुपारी उठून हलवायची, ऊन सरकेल तशी सरकवायची. बरणीवर कधी चिठ्ठी नव्हती. 'घरी केलंस?' असं तिला कोणी विचारलं नाही. आम्ही तर सरबत संपलं की तिच्यावरच चिडायचो.

माझ्या सिरपला पहिली दाद मिळाली ती एका पाहुणीची. दुधाचा घोट घेऊन म्हणाली, "अय्या, अगदी विकतच्यासारखं झालंय!"

खानावळवाले पाटीवर 'घरगुती चव' लिहितात आणि घरातल्या बाईला शाबासकी मात्र दुकानाच्या नावाने!

तिने कृती मागितली. मी अगदी प्रेमाने सांगितली. म्हटलं, "चांगलं दाट होईपर्यंत आटव हं."