मोटर मोठी, तलाव लहान

जमिनीत खड्डा न खणता, लोखंडी सांगाडा उभा करून त्यात प्लॅस्टिकचे जाड अस्तर ताणले की तयार होणारा तलाव अमेरिकेच्या उपनगरांतील परसदारी मे महिन्याच्या अखेरीस उगवतो आणि सप्टेंबरात मावळतो. त्यात पोहता येते असे मानण्याचा प्रघात आहे, जरी पंधरा फूट व्यासात प्रौढ माणसाने चार हात मारले की भिंत लागते. अशा तलावासाठी पंप आणि फिल्टर यांची जोडी जुळवणे हा विषय वरवर नळकामाचा दिसत असला, तरी तो वस्तुतः पुरुषी स्वाभिमानाच्या अभ्यासात मोडतो.

याचे कारण असे की पंपाची ताकद अश्वशक्तीत, म्हणजे बोलण्यातल्या एचपीत, मोजली जाते आणि हा आकडा कानी पडताच कुटुंबप्रमुखाचा विवेक सुटतो. ऊसपट्ट्यातून न्यू जर्सीत जाऊन स्थिरावलेल्या मराठी गृहस्थाच्या ठायी हा विकार विशेष तीव्र असू शकतो, कारण शेजाऱ्यापेक्षा अर्धा एचपी तरी जास्तीची मोटर विहिरीवर बसवणे हा त्याच्या घराण्याचा लौकिक असतो. परंतु विहिरीचे पाणी वर चढवून उसाला सोडले की मोटरचे कर्तव्य संपते. तलावाचे पाणी मात्र गाळून पुन्हा त्याच तलावात आणायचे असते, आणि गाळण्याच्या कामात घाई चालत नाही.

पंधरा फूट व्यासाच्या गोल तलावात साडेतीन फूट पाणी भरले, तर ते सुमारे १७,५०० लिटर होते. एवढे पाणी एकदा फिल्टरमधून जाण्यास लागणाऱ्या वेळाला आवर्तनकाल म्हणतात. तो आठ तासांचा धरला, तर मिनिटाला जेमतेम ३७ लिटर प्रवाह पुरतो. चांगल्या दाबाची बागेची नळीही एवढे पाणी देते, ही गोष्ट एक एचपीची मोटर गाडीत घालून आणलेल्या गृहस्थाला सांगण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

सँड फिल्टर म्हणजे बारीक, एकसारख्या वाळूने भरलेली टाकी असून तिच्या एक चौरस फूट पृष्ठातून मिनिटाला सुमारे ७५ लिटरांपेक्षा अधिक पाणी लोटू नये, असा दंडक आहे. बारा इंच व्यासाच्या टाकीची मर्यादा त्यामुळे साठ लिटरांच्या आतच येते. एक एचपीचा पंप तिच्यावर मिनिटाला दीडशे लिटर आदळू लागला की पाणी वाळूत गाळले जाण्याऐवजी तिच्यात बोगदे पाडून पलीकडे निघते, आणि गढूळ पाणी केवळ अधिक वेगाने गढूळ राहते. उलट, अगदी लहान पंपही चालत नाही, कारण अडकलेला मळ काढण्यासाठी प्रवाह उलटा फिरवून वाळू उचलावी लागते. या बॅकवॉशला याच टाकीत मिनिटाला निदान ४५ लिटर लागतात. तेव्हा पंपाला पराक्रमासाठी उरते ती ४५ ते ६० लिटरांची चिंचोळी पट्टी. ठिबकच्या तोंडाशी हाच फिल्टर सांभाळणाऱ्या जळगावच्या केळीबागायतदाराला हे शिकवावे लागत नाही. त्याच्या परदेशस्थ पुतण्याने फोन करून विचारले असते, तर बरेच डॉलर वाचले असते.

खोक्यावर छापलेला प्रवाह हा आणखी एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. पाणी चढवण्याची उंची आणि नळ्या, वळणे व फिल्टर यांतील घर्षण मिळून पंपासमोर जो विरोध उभा राहतो, त्याला हेड म्हणतात आणि तो फुटांत मोजतात. खोक्यावरील भव्य आकडा अनेकदा शून्य हेडचा, म्हणजे जेथे नळी नाही, फिल्टर नाही आणि अर्थातच तलावही नाही, अशा आदर्श जगातला असतो. त्यामुळे विवाहेच्छूंच्या बायोडाट्यातील पगाराप्रमाणे तो वाचताना काही टक्के मनातल्या मनात वजा करणे इष्ट ठरते.

एका आवर्तनात सगळे पाणी गाळले जाते, हाही भ्रमच. तलावातील पाणी रांगेत उभे राहत नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळून पुन्हा पंपाच्या तोंडी येते, आणि पाणी पूर्ण मिसळत राहते असे धरल्यास पहिल्या आवर्तनात सुमारे ६३ टक्केच पाणी फिल्टरचे दर्शन घेते. दुसऱ्यात हे प्रमाण ८६ टक्क्यांवर आणि तिसऱ्यात ९५ टक्क्यांवर जाते. उरलेले पाच टक्के कोणते, हे मुलांना विचारू नये.

सर्वांत मोठा अन्याय कष्टाळू मालकावर होतो. नुकतीच धुतलेली वाळू बारीक मळ सोडून देते, तर थोडी मळलेली वाळू, कणांमधल्या फटी बुजल्यामुळे, तोच मळ अधिक चांगला अडवते. म्हणून फिल्टरवरील दाबमापकाचा काटा स्वच्छ स्थितीपेक्षा आठ-दहा पीएसआय वर चढेपर्यंत बॅकवॉश करू नये, असा नियम आहे. सबब रोज सकाळी निष्ठेने बॅकवॉश करणाऱ्याचे पाणी दुधाळ राहते आणि पलीकडचा, काट्याकडे आठवड्यातून एकदा आरामखुर्चीतूनच पाहणारा शेजारी, नितळ पाण्यात डुंबत त्याला सल्ला देतो की मोटर जरा मोठी घ्यायला हवी होती.