नऊ वाजून एकोणनव्वद मिनिटे

घड्याळ वेळ बघायला असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी निक्सीवाल्या काकांकडे जाताना मनगटावर आपलं स्वतःचं बांधून जावं. हे काका पुण्यातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत सापडतात. भोसरीच्या किंवा चिंचवडच्या कारखान्यात मेंटेनन्सला उभा जन्म गेलेला, मुलगा परदेशी आणि मुलाच्या अभ्यासाच्या खोलीचं आता ‘वर्कशॉप’ झालेलं. काकू त्या खोलीत केर काढत नाहीत. फार पूर्वी एकदा त्यांच्या सुपलीतून एक ट्रान्झिस्टर गेला होता. तो विषय दर दिवाळीच्या साफसफाईला निघतो.

निक्सी म्हणजे काचेची नळी. आत निऑन वायू आणि शून्य ते नऊ या आकड्यांच्या आकाराचे दहा बारीक धातूचे तुकडे एकामागे एक उभे. ज्याला वीज मिळते त्याच्याभोवती नारिंगी उजेड धरतो. अमेरिकेत बरोज कंपनीने १९५५ मध्ये या नळ्या बाजारात आणल्या, सत्तरच्या दशकात एलईडीने त्यांना घरी बसवलं. सोव्हिएत रशियात मात्र त्या पुढेही बनत राहिल्या आणि तिथला उरलासुरला साठा आता युक्रेनहून स्पंजात गुंडाळून हौशी लोकांच्या घरी येतो. एवढं सगळं काका पहिल्या कपात सांगतात. ॲपलवाले स्टीव्ह वॉझ्नियाक मनगटावर निक्सीचं घड्याळ मिरवतात, हे दुसऱ्या कपाला.

“काका, पाच उलटा बसलाय की,” असं एखादा नवखा म्हणाला की काकांची कळी खुलते. ‘आयएन-१२’ या सोव्हिएत नळीतला पाच म्हणजे उलटा केलेला दोनच आहे. हा दोष नाही, हे सांगायला मिळावं म्हणूनच काकांनी ती नळी निवडली असावी असा माझा संशय आहे. पाहुण्याला दोष दाखवू द्यायचा आणि मग तो दोष कसा नाही हे त्याच्या गळी उतरवायचं, या सुखासाठी माणसं तिसरा कपही पाजतात.

दोष मात्र होते आणि भरपूर होते. पहिल्या महिन्यात काकांनी स्वतः जुळवलेलं हे घड्याळ तासातली पहिली दहा मिनिटं अगदी चोख चालायचं. नऊ वाजून नऊ मिनिटं झाली की पुढे एकदम नऊ सोळा. पंचवीसनंतर बत्तीस. असं करत करत नऊ वाजून एकोणनव्वद मिनिटं व्हायची आणि तिथून थेट सोळा वाजायचे. काकांनी यावर काढलेला पहिला उपाय असा, की लोकांना रविवारी बरोबर नऊला बोलवायचं, नऊ वाजून आठ मिनिटांनी “पोहे गार होतात” म्हणून आत न्यायचं. आतून कुणी पुन्हा बाहेर डोकावू लागला की काकू वाटीभर पोहे आणखी वाढत.

गंमत अशी की आत वेळ राखणारी चिप वर्षाला जेमतेम मिनिटभर इकडेतिकडे होणारी. तिची काहीच चूक नव्हती. ती दशक आणि एकक वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. वाचणाऱ्याने दोन कप्पे सुटे वाचायचे. काकांचा प्रोग्रॅम ते एकत्र करून एकच संख्या म्हणून वाचत होता, म्हणून दहाचे सोळा. मुलाने व्हिडिओ कॉलवर लांबूनच बघितलं आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही बीसीडी साध्या बायनरीसारखं वाचताय.” काका म्हणाले, “मला माहीत होतं रे. तुला अजून येतं का ते बघत होतो.”

मग भुतं आली. चार नळ्या एकाच वेळी पेटत नाहीत; एक विझते, दुसरी लागते, हे इतक्या झरझर चालतं की डोळा फसतो. दोन नळ्यांच्या मध्ये क्षणभर सगळं अंधारात ठेवावं लागतं, नाहीतर आधीच्या आकड्याची फिकट सावली पुढच्या नळीत उमटते. काका त्याला ‘घोस्टिंग’ म्हणत. काकूंनी बहिणीला फोनवर सांगितलं, “अगं, यांच्या घड्याळात भूत आहे. पण हे म्हणतात दोनशे मायक्रोसेकंदांत जाईल.” आणि गेलं.

काकांची खरी जात कळली ती तिसरी नळी विझायला लागली तेव्हा. घड्याळ लावल्यावर ती नीट पेटे, अर्ध्या तासाने मालवे. अशा वेळी काकांच्या संशयितांचा एक ठरलेला क्रम असतो. पहिला संशय सोव्हिएत रशियावर. तो देश १९९१ मध्येच मोडीत निघाल्यामुळे दाद मागायची सोय नाही. तिसऱ्या नळीत, म्हणजे मिनिटांच्या दशकात, सहा ते नऊ कधीच लागत नाहीत. न वापरलेल्या आकड्यांवर बाकीच्यांचा उडालेला धातू बसून ते डागाळतात. याला ‘कॅथोड पॉयझनिंग’ म्हणतात, असं काका जेवताना म्हणाले. काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. त्यावर तोडगा म्हणून रोज पहाटे तीनला सगळे आकडे भराभर फिरतील अशी व्यवस्था झाली. नळी मालवायची ती मालवतच राहिली.

दुसरा संशय घरात येणाऱ्या विजेवर. तिसरा बुधवार पेठेवर. पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत काकांनी ‘यूएफ फोर डबल ओ सेव्हन’ डायोड मागितला होता आणि दुकानदाराने साधा ‘वन एन’ दिला होता, “दोन्ही एकच हो साहेब” म्हणून. ते एकच नाहीत. बारा व्होल्टचे एकशे ऐंशी करणारं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालूबंद होतं, आणि साधा डायोड तेवढ्या चपळाईने बंद होत नाही. मग ती चालूबंद करणारा मॉस्फेट तापतो, व्होल्टेज पडतं. काकांनी डायोड बदलला, मॉस्फेट गार झाला, दुकानदाराचा अपराध सिद्ध झाला. नळी मालवली.

एकशे ऐंशी व्होल्ट तपासताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही, हा जुन्या लोकांचा नियम. काका तो कसोशीने पाळतात, पण घरच्या लेंग्याला खिसा नसल्यामुळे डावा हात पाठीवर घट्ट धरून उजव्या हाताने प्रोब लावतात. कीर्तनाला उभे राहिल्यासारखे ते तासन्‌तास झिरो पीसीबीवर वाकलेले असत. मग ऑसिलोस्कोप आला. त्याच्या पडद्यावरची लाट बघून काका इतके रमले की नळीचा विषय आठवडाभर मागे पडला.

“अहो, तिसरी नळी ना?” काकू एकदा दारातूनच म्हणाल्या. “उजव्या कोपऱ्याला टिचकी मारली की लागते. मी रोज लावते.”

“रोज?”

“मग पोळ्या टाकताना वेळ कळायला नको?”

ड्राय सोल्डर. नळीच्या एका पायाशी डाग वरून चकचकीत, आत मात्र चिकटलेलाच नाही. तापला की सुटे, टिचकीने पुन्हा टेके. काकांनी सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि काम झालं. पण दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. रशिया सुटला, वीज सुटली आणि अपराध निघाला स्वतःच्याच हातच्या डागाचा! नंतर त्यांनी “त्या स्वस्तातल्या सोल्डरमध्ये फ्लक्सच नव्हता” असं शोधून काढलं, तेव्हा कुठे जेवण गोड लागलं.

आता घड्याळ चालतं. सहा महिने झाले, एक तक्रार नाही. काका त्याच्यासमोरून जाताना मान वळवून बघतात, पण थांबत नाहीत. परवा काकू म्हणाल्या, “इथे नुसतं बसून काय करतंय ते? स्वयंपाकघरात लावा. आणि एवढं सगळं येतं त्याला, तर कुकरच्या शिट्ट्या मोजेल का?”

काकांनी पेपर खाली ठेवला. चष्मा कपाळावर गेला.

“कुठला कुकर? तीन लिटरचा की पाचचा?” ते उठतच म्हणाले. “दोन्हींच्या शिट्टीची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. डाळ-तांदूळ चढव, दोन्हीत. आत्ता.”

“अहो, सकाळचे दहा वाजलेत!”

“सोळा वाजले असते तरी चाललं असतं. चढव तू.”