नाना पनवेल

कोकणातून मुंबई-पुण्याकडे पांगलेल्या कुठल्याही घराण्यात एक पनवेलचा नातेवाईक असतोच. आमच्यात नाना आहेत. आडनाव आमचंच, पण सगळ्यांच्या फोनमध्ये ते 'नाना पनवेल' म्हणून आहेत. माणूस नव्हे, जंक्शन असल्यासारखे.

नानांनी नवीन पनवेलला सिडकोचा फ्लॅट घेतला तेव्हा गिरगावातली मंडळी पोट धरून हसली होती. "रानात घर घेतलंस, वाघ येतील!" पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याच वर्षी हार्बरची लोकल पनवेलला पोचली, मग एक्स्प्रेस-वे झाला आणि २०२५ मध्ये विमानतळाचंही उद्घाटन झालं. हे सगळं सरकारने केवळ गिरगावकरांची जिरवायला केलं, अशी नानांची पक्की समजूत आहे. ते 'आपली लोकल', 'आपला एक्स्प्रेस-वे' म्हणतात. 'आपला विमानतळ' म्हणताना आवाज जरा खाली आणतात. फार मिरवू नये म्हणून.

परिणाम असा, की घराण्यात लग्न ठरलं रे ठरलं, की हॉल नवीन पनवेलचा. पुणेकरांना मुंबई नको, मुंबईकरांना रोहा लांब, चिपळूणकरांना दादरच्या गर्दीची धास्ती. पनवेल कोणाच्याच गावात नाही, म्हणून कोणाची तक्रार नाही.

परवाच्या लग्नात नाना सकाळपासून हॉलच्या दारात उभे. अंगात सिल्कचा कुर्ता, कानाला फोन. "पूर्वेला उतर, पूर्वेला! पश्चिमेला गेलास तर जुनं पनवेल. तिथं जेवण आहे, पण आपलं नाही."

नाना माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, मार्गावरून ओळखतात. माझ्या बायकोची ओळख त्यांनी "ही ठाण्याची सून, ट्रान्स-हार्बर" अशी करून दिली. कित्येक वर्षांनी भेटलेल्या आतेभावाला मी मिठी मारतोय, तोच मध्ये नानांचा हात आला. "ते सावकाश होईल. आधी सांग, परतीचं काय?" एका काकांना कोणी ओळखेना, तर नानांनी पिशवीवरून अंदाज बांधला. "दिवा-रोहा गाडीचे दिसतात. म्हणजे आपल्या वहिनींकडचे." आणि ते खरंच वहिनींकडचे निघाले.

चिपळूणची थोरली आत्या आणि पुण्याची धाकटी आत्या समोरासमोर आल्या आणि दोघींनी गळ्यात पडून जे रडायला सुरुवात केली, ते पाहून सनईवाल्यानेही आवाज कमी केला. नानांना राहवेना.

"इतक्या वर्षांत भेटला नाहीत म्हणजे काय? चिपळूणला गाडीत बसायचं, पनवेलला उतरायचं, पुढे पुण्याची एसटी. संध्याकाळी बहिणीच्या घरी चहा!"

थोरलीने डोळे पुसले. "अरे, आम्ही भांडलो होतो."

नाना क्षणभर अडखळले. "मग मध्ये माझ्याकडे उतरून भांडायचं. दोघींनाही सोयीचं."

मंगलाष्टकं चालू असताना ते दारातच होते. डाव्या हातात फोन, उजव्यात अक्षता. त्यांनी टाकलेल्या अक्षता नवरानवरीपर्यंत काही पोचल्या नाहीत. नेमक्या त्याच क्षणी घामाघूम आत शिरणाऱ्या डोंबिवलीकरांच्या डोक्यावर पडल्या. त्यांना वाटलं, आपलं स्वागत झालं.

या सगळ्याचा खरा भार वाहतात त्या नानी. आदल्या रात्री त्यांच्या घरी माणसं गॅलरीतसुद्धा झोपली होती. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन त्या मला म्हणाल्या, "वाघ येतील म्हणाले होते ना? ते आले असते तर परवडलं असतं रे. वाघाला पहाटे चारला उठून चहा द्यावा लागत नाही."

तेवढ्यात नाना तिथे आले आणि जिलबी घेता घेता म्हणाले, "तुझ्या मुलांच्या लग्नाला हॉल आत्ताच बघून ठेवू या." माझा मोठा मुलगा सहावीत आहे.

पाठवणीच्या वेळी मात्र कमाल झाली. मुलगी पुण्याला दिलेली. ती आईच्या, आजीच्या, शेजारच्या काकूंच्या गळ्यात पडून रडली आणि गाडीत बसली. नाना पुढे झाले, खिडकीतून आत वाकले. आम्हाला वाटलं, आशीर्वाद देतायत.

"कळंबोलीवरून एक्स्प्रेस-वे धरा," नाना ड्रायव्हरला म्हणाले.

गाडीच्या पलीकडच्या खिडकीतून तसंच एक डोकं आत आलं. नवऱ्या मुलाचे मामा. "काही नको. पळस्पे फाट्यावरून जुन्या हायवेने जायचं. मी चाळीस वर्षं जातोय."

"या वेळेला? ट्रकच्या मागे लागाल!"

"तुम्ही पनवेलला राहता. आम्ही पनवेलवरून जातो!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. नवरी खाली उतरली, आईच्या गळ्यात पुन्हा एकदा पडली, आणि मग पाणी प्यायला हॉलमध्ये गेली.