उपवासाचं वजन

आमच्या घराण्यात जेवून कोणी जाड झाल्याचं ऐकिवात नाही. जे झाले ते सगळे उपवास करून.

पंगतीत तिसरी जिलबी घेताना माणूस एकदा तरी इकडेतिकडे बघतो. एकादशीला ती धास्ती नाही, कारण पुण्य पडत असतं. सकाळी खिचडी, अकराला राजगिऱ्याचा लाडू, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा चिवडा, रात्री रताळ्याचा कीस. मधली केळी मोजत नाहीत, ती फळं. 'एकादशी, दुप्पट खाशी' असं पूर्वज म्हणून गेले. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी कूट कमी केलं नाही. या बाण्याचा मला अभिमान आहे.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळपास निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅमला कॅलरी ३५०च्या घरात. शेंगदाण्याचं निम्मं वजन तेलाचंच. वर साजूक तूप, ग्रॅममागे ९ कॅलरी. त्यात टॅपिओका, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर इकडे आलेली. ज्ञानदेवांच्या काळच्या वारकऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. बिचारे खरोखरच उपवास करत असावेत! शिवाय आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालायचे. आम्ही पालखी टीव्हीवर बघतो, खिचडीची ताटली मांडीवर घेऊन.

संकष्टीचं तर विचारूच नका. चंद्रोदय बहुतेकदा रात्री नऊच्या आसपास. तोवर भूक कडकडून लागलेली. मग आरती, मोदक, वरण-भात, पुन्हा मोदक आणि थेट गादी. शरीर मोठं काटकसरी. दुष्काळ पाहिलेल्या पिढ्यांकडून आलेलं. मिळालं की साठव, एवढंच त्याला कळतं. दुष्काळ येत नाही, पुढची संकष्टी येते.

यावर आमचा काडीपैलवान मेव्हणा हसतो. "दाजी, शर्ट बाहेर काढून पोट लपत नसतं," असं चारचौघांत म्हणतो. त्याला मी 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आलेला एक फोटो दाखवला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसतात आणि चरबी आत, विशेषतः पोटात, गुपचूप साठवतात. म्हणून तर इतरत्र २५ला वाजणारी जादा वजनाची घंटा आपल्याकडे २३लाच वाजते.

मेव्हण्यानं फोटो दोनदा बघितला. मग स्वतःचं पोट चिमटीत धरून बघितलं. ते बऱ्यापैकी चिमटीत आलं. तो गंभीर झाला आणि तिथल्या तिथे म्हणाला, "दाजी, आजपासून शनिवार धरतो."

आमच्या हिनं लगेच दाणे भाजायला घेतले.