न पाहिलेल्या सिनेमांचा शिफारसकार

पुण्याच्या कसबा पेठेत आढळणाऱ्या ज्या मनुष्यविशेषांची दखल अद्याप कोणत्याही गॅझेटियरने घेतलेली नाही, त्यांत शिफारसकाराचा क्रमांक बराच वरचा लागावा. साततोटी चौक ते फडके हौद या पट्ट्यात, आणि त्यातही तांबट आळीच्या आसपासच्या अमृततुल्यात, म्हणजे जिथे बसण्यासाठी दोन बाकडी आणि फार वेळ बसू नये म्हणून एक पाटी असते अशा चहाच्या दुकानात, त्याचा वावर अधिक असून, १९८० ते १९८९ या दशकात येऊन गेलेले आणि कोणाच्याही फारसे लक्षात न राहिलेले चित्रपट इतरांनी पाहिलेच पाहिजेत, असा आग्रह धरणे हे त्याचे जीवितकार्य असते. तो साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो, बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालेला असतो, आणि त्याच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत एक जुनी डायरी असते, जी तो कोणाला वाचायला देत नाही पण वारंवार बाहेर काढतो.

सर्वसामान्य माणूस एखादा चित्रपट सुचवतो तेव्हा समोरच्याने तो पाहावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते; शिफारसकाराला मात्र समोरच्याने तो पाहिलेला नाही, हे चारचौघांत सिद्ध झालेले हवे असते. म्हणून त्याच्या शिफारशीची सुरुवात नेहमी परीक्षेने होते. आयटीतला एखादा तरुण चहाचा ग्लास हातात घेऊन उभा असला, की ‘ऐंशीच्या दशकातलं मराठीतलं काय काय पाहिलंयस?’ हा प्रश्न हवेत सोडला जातो आणि तरुणाने मोठ्या हुशारीने ‘उंबरठा’चे नाव घेताच शिफारसकाराच्या चेहऱ्यावर करुणेची छटा पसरते. जब्बार पटेलांचा, स्मिता पाटीलचा, शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा १९८२ सालचा ‘उंबरठा’ हा चांगला चित्रपट आहे, याबद्दल त्याचा वाद नसतो. परंतु तो चांगला आहे हे इतरांनाही ठाऊक असल्यामुळे त्याच्या लेखी त्या चित्रपटात करण्यासारखे काही उरलेले नसते. ‘तो पाहायचाच असतो रे, त्यात सांगण्यासारखं काय?’ असे म्हणून तो डायरी उघडतो आणि तेथून पुढे तरुणाचा चहा निवतो.

डायरीतले पहिले नाव बहुधा ‘आक्रित’ असते. अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट १९८१ सालचा, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि विषय मराठवाड्यातील मानवत येथे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गुप्तधनाच्या लोभापायी घडलेल्या नरबळींचा. ‘रजनीगंधा’ आणि ‘गोलमाल’मधल्या साध्याभोळ्या नोकरदार पालेकरांवर माया करणाऱ्या प्रेक्षकाला त्याच माणसाला या कथेत पाहणे जड गेले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे, शिफारसकार मात्र असल्या सौम्य कारणांवर समाधान मानत नाही. फ्रान्समधील नान्त या शहरात आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका या तीन खंडांतील चित्रपटांचा जो महोत्सव भरतो, तेथे ‘आक्रित’ला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले होते, आणि त्याच महोत्सवात पुढे दिलीप चित्रे यांच्या ‘गोदाम’लाही तसाच मान मिळाला. ‘गोदाम’ म्हणजे कवी असलेल्या चित्रे यांनी भाऊ पाध्ये यांच्या कथेवरून १९८३ मध्ये केलेला हिंदी चित्रपट. या दोन पारितोषिकांच्या आधारावर शिफारसकाराने आपला सिद्धान्त एका वाक्यात बसवलेला असतो आणि तो वर्षातून निदान शंभर वेळा उच्चारला जातो : ‘जे नान्तला कळलं ते नाना पेठेला कळलं नाही.’ नाना पेठेतला कोणी बाकावर बसलेला असल्यास हे वाक्य थोडे मोठ्याने म्हटले जाते.

हे चित्रपट मागे का पडले, याचे त्याचे उत्तर ‘लोकांची अभिरुची’ एवढेच असते, पण खरी कारणे त्याहून रुक्ष आहेत. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने करपरतावा योजना आणली; म्हणजे मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर गोळा झालेला करमणूक कर, निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट काढल्यास, त्याला परत मिळू लागला. योजना चांगली होती आणि तिच्यामुळे चित्रपट निघत राहिले, परंतु जो चित्रपट तिकीटबारीवर पडला त्याच्या करातून परत मिळणार ते किती, हा प्रश्न राहिलाच. १९८५ मध्ये महेश कोठारे यांचा ‘धुमधडाका’ आला, विनोदी चित्रपटांची लाट उसळली, आणि शहरातल्या मोजक्या चित्रगृहांत मराठीच्या वाट्याला जे आठवडे येत ते या लाटेने भरून टाकले. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शन घरबसल्या मराठी चित्रपट दाखवीत होते, व्हिडिओ कॅसेटची दुकाने गल्लोगल्ली निघाली होती, आणि अशा वेळी वेठबिगारीवरचा, म्हणजे कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबण्याच्या प्रथेवरचा, ‘शापित’ (१९८२) पाहण्यासाठी तिकीट काढून अंधारात जाऊन बसणारा मध्यमवर्गीय माणूस विरळा होता. राजदत्त आणि अरविंद देशपांडे यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पारितोषिक मिळाल्याची बातमी वाचून कसब्याने समाधानाने वर्तमानपत्र घडी करून ठेवले.

या लाटेतल्या सर्वांत लाडक्या अपत्यावर, म्हणजे सचिन यांच्या १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’वर, शिफारसकाराचा विशेष राग असतो. त्यातल्या धनंजय माने या पात्राचे नाव कोणी घेतले की तो तत्काळ सांगतो, की ही गोष्ट मुळात हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये १९६६ सालीच येऊन गेली, आणि पाहायचेच असेल तर ते पाहावे, त्या क्षणी ऐंशीचे दशक ही स्वतः घातलेली अट तो विसरतो. तथापि निरीक्षणाअंती असे दिसते, की गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर ‘बनवाबनवी’ लागला असता तो सर्वांत मागे, हाताची घडी घालून, नाराज मुद्रेने शेवटपर्यंत उभा असतो आणि प्रत्येक संवाद पात्राच्या आधी अर्धा सेकंद त्याच्या ओठांवर येतो.

शिफारसकार त्रासदायक असतो, यात शंका नाही. अधिक त्रासदायक बाब ही, की त्याचे पुष्कळदा बरोबर असते. ‘माफीचा साक्षीदार’ हे याचे उत्तम उदाहरण. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात कलाशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका टोळीने पुण्यात दहा खून केले, जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते प्रकरण ओळखले जाते, आणि चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. गुन्ह्यात सहभागी असूनही सर्व हकीकत खरीखरी सांगण्याच्या अटीवर ज्याला कायदा शिक्षेतून सूट देतो, अशा आरोपीला माफीचा साक्षीदार म्हणतात. या खटल्यात तो होता आणि त्यावरूनच राजदत्त यांच्या १९८६ सालच्या चित्रपटाला नाव मिळाले. ‘परिंदा’ने सर्वदूर माहीत होण्याच्या तीन वर्षे आधीचा नाना पाटेकर त्यात आहे. शिफारसकाराचे म्हणणे असे, की आपल्याच गावात घडलेली गोष्ट आपल्याच गावाने पडद्यावर पाहू नये, ही लाजिरवाणी बाब होय. हे तो एकदा वाड्याच्या चौकात बोलत असताना, जिन्यावर गहू निवडत बसलेल्या एका आजींनी मान वर न करता त्याचा निकाल लावला : ‘त्या वर्षी दिवेलागणीला दाराला अडसर घालून बसायचो आम्ही. आता पुन्हा तिकीट काढून कशाला घाबरायचं?’ चित्रपटाच्या उपेक्षेवर लिहिल्या गेलेल्या कोणत्याही समीक्षेपेक्षा हे स्पष्टीकरण सरस आहे, आणि डायरीत मात्र ते नाही.

याच न्यायाने ‘निवडुंग’कडे पाहता येते. महेश सातोस्कर यांचा हा १९८९ सालचा चित्रपट पाहिलेला माणूस कसब्यात शोधूनही सापडत नाही, परंतु सुरेश भट, आरती प्रभू आणि ग्रेस यांच्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांनी त्यात दिलेल्या चाली न ऐकलेला माणूसही सापडत नाही. कोजागिरीला गच्चीवर कोणी त्यातले गाणे सुरू केले, की शिफारसकार दूध आटायच्या आत ‘हे कोणत्या चित्रपटातलं?’ असे विचारून रंगाचा बेरंग करतो. ‘एक डाव भुताचा’ या १९८२ सालच्या चित्रपटाबद्दल बोलताना मात्र त्याचा आवाज मऊ होतो. द. मा. मिरासदारांनी लिहिलेला, अशोक सराफ यांना भूत आणि दिलीप प्रभावळकरांना मास्तर करणारा हा विनोदी चित्रपट कोठल्याही नान्तला गेलेला नाही. त्याविषयी शिफारसकार सिद्धान्त मांडत नाही, फक्त हसतो, आणि त्याची शिफारस ऐकून एखाद्याने खरोखर पाहिलेला हा बहुधा एकमेव चित्रपट असावा. सई परांजपे यांच्या ‘कथा’चेही (१९८३) थोडेफार असेच आहे, शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ नाटकावरून केलेल्या या हिंदी चित्रपटातली चाळ पुण्यातलीच असल्याने त्यातल्या सामाईक नळाविषयी वाड्यातली मंडळी अधिकारवाणीने मतप्रदर्शन करू शकतात.

शिफारसकाराला नामोहरम करणारा प्रश्न एकच, तो म्हणजे ‘काका, हा बघायला कुठे मिळेल?’ हा. तो विचारला जाताच तांबट आळीतून मठारकामाचा, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवण्याचा, आवाज अचानक स्पष्ट ऐकू येऊ लागतो, कारण शिफारसकार बोलायचा थांबलेला असतो. मग तो लॉ कॉलेज रस्त्याकडे हात करतो. तेथे १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि त्याची पायाभरणी करणारे पी. के. नायर अंधारात बसून चित्रपट पाहता पाहता वहीत टिपणे घेत असत, हे शिफारसकाराला इतके भावलेले असते की घरात दिवाणखान्याचा दिवा मालवून तोही टिपणे घेतो, जी दुसऱ्या दिवशी त्यालाच लागत नाहीत. संग्रहालयात रिळे जतन केली जातात आणि ती कोणी सहज जाऊन मागावी अशी व्यवस्था नसते, हे त्याला ठाऊक असते. किंबहुना तेवढ्यासाठीच तो तिकडे बोट दाखवतो. दुसरा आधार फिल्म सोसायटीचा, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालून एरवी चित्रगृहात न लागणारे चित्रपट सभासदांनाच दाखवणाऱ्या संस्थेचा. पुण्यात १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘आशय’चे आपण सुरुवातीपासूनचे सभासद, असे शिफारसकार सांगतो, आणि असे सांगणाऱ्या सर्वांची बेरीज केल्यास ती मंडळी बालगंधर्व रंगमंदिरातही मावणार नाहीत.

प्रत्यक्षात त्याच्या ज्ञानाचे उगमस्थान घराच्या माळ्यावर असते. तेथे एका पत्र्याच्या पेटीत, कापूर आणि कडुलिंबाची पाने घालून, वीस-पंचवीस व्हीएचएस कॅसेट ठेवलेल्या असतात; दर पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी येते आणि दर दिवाळीत ती पुसली जाते. एका कॅसेटविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, मात्र चित्रपटाचे नाव सांगणे इष्ट नाही. ज्या चित्रपटाच्या ‘मुद्दाम अनिर्णित ठेवलेल्या’ शेवटावर शिफारसकार गेली तीन दशके बोलत आला आहे, नायक दाराशी येऊन थांबतो आणि दिग्दर्शक पुढचे प्रेक्षकांवर सोपवतो, या धाडसाची तुलना तो थेट युरोपातल्या दिग्दर्शकांशी करतो, त्या चित्रपटाची शेवटची पंचवीस मिनिटे त्या कॅसेटवर नाहीतच. नायक दाराशी येतो, पडद्यावर पट्टे उमटतात, आणि पुढे भाच्याच्या मुंजीतली भिक्षावळ सुरू होते. रिकामी कॅसेट वेळेवर न मिळाल्याने हा प्रकार घडला होता आणि घरातल्या सर्वांना, शिफारसकार सोडून, तो माहीत होता.

अलीकडे अमृततुल्यातल्या त्याच तरुणाने त्या चित्रपटाची पूर्ण प्रत कुठूनशी मिळवली आणि राहिलेली पंचवीस मिनिटे शिफारसकाराला बाकावर बसवून मोबाइलवर दाखवली. शिफारसकाराने चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाजवळ धरून, ती एकदाही न बोलता पाहिली. नायक आत गेला, भांडला, रडला आणि गोष्ट रीतसर संपली. मग त्याने मोबाइल परत केला, डायरी काढून त्या नावापुढची चांदणी खोडली आणि चहावाल्याला आणखी एक कटिंग सांगत म्हणाला, ‘शेवटी तडजोड केली रे त्यानं. हा नको बघूस.’