मोटारीतील अंतर्दीप

जुन्या मोटारीचे इंजिन बंद पडले तर मालकाला सहानुभूती मिळते, ब्रेक निकामी झाले तर काहीशी आदरयुक्त भीतीही वाट्याला येते. परंतु दार उघडल्यावर आतला दिवा लागत नाही एवढीच फिर्याद घेऊन जो गृहस्थ गॅरेजात हजर होतो, त्याच्याकडे, ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी सातबाराचा उतारा मागणाऱ्या खातेदाराकडे तलाठी ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने पाहिले जाते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९७४ साली आपल्या फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव बहाल केले. चितोडच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या वाहनाच्या अंतःपुरात सांजवेळी दिवा नसावा, हा मला राजघराण्याचा अधिक्षेप वाटला.

शेजारच्या अण्णांच्या मते दोष बल्बचा होता. दोन्ही टोकांना पितळी टोप्या असलेला तो ५ वॅटचा नळीवजा बल्ब बदलला, तरी अंधार कायम राहिला. मग फ्यूजांची झडती झाली. तेथे ८ अँपिअरच्या पांढऱ्या चिनीमातीच्या फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळलेली आढळली. ही पूर्वीच्या कोणा मालकाची वहिवाट असावी. या चांदीमुळे फ्यूज कधीच उडत नाही, प्रसंगी त्याच्याऐवजी तारा जळतात. म्हणून ती तत्काळ बेदखल केली. दिव्याने मात्र या सुधारणेची दखल घेतली नाही.

अखेर मिस्त्री आले. त्यांनी टेस्ट लॅम्पचा चिमटा पत्र्याला लावला, सुई दिव्याच्या तारेला टोचली आणि हातातला बल्ब लख्ख पेटल्यावर निकाल दिला, “साहेब, करंट येतोय. त्याला परत जायला वाट नाही.” या मोटारीत बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह दिव्यापाशी अष्टौप्रहर तिष्ठत असतो, दार मिटले की चौकटीतील बटण दबून राहते, आणि दार उघडताच ते स्प्रिंगने बाहेर येऊन परतीची तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे मिस्त्रींच्या ‘बॉडीला’, जोडून देते. अनेक पावसाळ्यांचे पाणी पिऊन ते बटण आणि त्याचा स्क्रू गंजाने इतके माखले होते की तेथून विजेला रवानगीचा परवाना मिळणे अशक्यच होते. आपण सारे विजेच्या आगमनाचीच चौकशी करतो, तिच्या निर्गमनाची व्यवस्था पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हक्काची वाट बंद झालेली वीज तर शेजाऱ्याच्या हद्दीतूनही जाते. मागच्या दिव्याची बॉडी सुटली की ब्रेक दाबताच भलताच दिवा मिणमिणतो, तो याचमुळे.

मिस्त्रींनी सँडपेपरने गंज खरवडला, स्क्रू आवळला, आणि राणीसाहेबांच्या महाली उजेड पडला. आता नवीच चिंता उद्भवली: दार मिटल्यावर तो विझतो की नाही? न विझल्यास ५ वॅटचा तो दिवा सुमारे ०.४ अँपिअर खातो, आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने चार दिवसांत दिवाळखोर ठरते. प्रत्यक्ष पुराव्यासाठी आमच्या पुतण्यास मागच्या आसनावर बसवून दारे लावली. दिवा विझला, असे त्याने बाहेर येऊन शपथपूर्वक सांगितले; मात्र तो विझण्यापूर्वी आसनाखाली चमकलेल्या पाच रुपयांच्या नाण्याविषयी जबानी देण्यास त्याने साफ नकार दिला.