दुखापतींचा हिशेबनीस

इंग्लंडमध्ये फुटबॉलवर पैसे लावणाऱ्यांची एक पोटजात सामन्यापेक्षा सांध्यांवर जास्त लक्ष ठेवून असते. दुखापतींचा हा हिशेबनीस बहुधा पन्नाशीतला असतो आणि पैजेच्या दुकानात टीव्हीखालची जागा धरून उभा असतो. (१ मे १९६१ पासून ही दुकाने तिथे कायदेशीर आहेत, त्यामुळे घरी काय सांगायचे एवढाच प्रश्न उरतो.) वैद्यकशास्त्राशी त्याचा संबंध कमरेखालच्या भागापुरता. हृदय, यकृत वगैरे अवयवांनी भाव हलत नाही, म्हणून ते त्याने ऑप्शनला टाकले आहेत.

त्याचे शिक्षण २००२ साली सुरू झाले. एप्रिलमध्ये डेव्हिड बेकमच्या डाव्या पावलातले हाड मोडले आणि वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आलेला असताना अख्खा देश ‘मेटाटार्सल’ म्हणायला शिकला. बेकम खेळला, अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर गोलही करून आला. २००६ मध्ये वेन रूनीचे तसलेच हाड मोडले. तोही वर्ल्ड कपला गेला आणि एकही गोल न करता लाल कार्ड घेऊन परतला. दुखणे तेच, निकाल दोन. शहाणा माणूस यानंतर हाडांच्या नादी लागला नसता. याने वही घातली.

वहीतल्या नोंदी ठाम असतात. हॅमस्ट्रिंग: तीन आठवडे. घोटा: मॅनेजर हसत असला तर एक, नसला तर दोन. गुडघा: पुढच्या मोसमात भेटू. शुक्रवारी पत्रकारांनी विचारल्यावर मॅनेजर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा उद्या सकाळीच बघायचे असते. हिशेबनीस मात्र त्या तीन शब्दांवर रात्र काढतो.

त्याच्या तराजूत खोट आहे ती ही, की तो जायबंदी माणूस तोलतो. त्याच्या जागी कोण येणार, हे पारड्यात घालतच नाही. १० जुलै २०१६ च्या युरो कप अंतिम सामन्यात पोर्तुगालचा रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला स्ट्रेचरवरून बाहेर गेला. हिशेबनिसाने लगेच फ्रान्सच्या नावाखाली दुहेरी रेघ ओढली. जादा वेळेत एकमेव गोल झाला तो पोर्तुगालचा, आणि केला बदली उतरलेल्या एडरने. एडरच्या तब्येतीची वहीत नोंदच नव्हती, कारण ती चांगली होती.

गोल मारणारा पडला की हळहळ जास्त होते. संघ खरा खिळखिळा होतो तो एकाच जागेवरची माणसे ओळीने पडली की. ऑक्टोबर २०२० मध्ये लिव्हरपूलचा बचावपटू व्हॅन डाइक याचा गुडघा गेला. पुढे त्याच जागेवरचा गोमेझ गेला, मॅटिप गेला. मधल्या फळीतल्या फाबिन्यो आणि हेंडरसन यांना मागे ओढावे लागले आणि एका गुडघ्यापायी दोन फळ्या लंगडू लागल्या. आदल्या मोसमातले हे विजेते घरच्या मैदानावर लागोपाठ सहा लीग सामने हरले. हिशेबनिसाने फुली मारली, आणि तीही नेमकी उशिरा: शेवटच्या टप्प्यात नॅट फिलिप्स आणि रिस विल्यम्स या फारशा कुणाला माहीत नसलेल्या जोडीला मागे उभे करून त्याच संघाने तिसरा क्रमांक गाठला.

शिवाय पेपर बुकीच्या घरीही येतो. दुखापतीची बातमी फुटली की ती भावात शिरते, आणि मग तिच्या भरवशावर पैसे लावणे म्हणजे वरातीमागून घोडे. सामन्याआधी तासभर संघ जाहीर होतात तेव्हा भाव काही क्षणांत बदलतो. हिशेबनीस तेव्हा चष्मा पुसत असतो. म्हणून त्याचा जीव आतल्या बातमीत अडकलेला असतो. ती त्याला क्लबच्या मालिशवाल्याच्या मेहुण्याकडून मिळते, निदान मेहुणा तरी तसे म्हणतो. खेळाडूंनी अशी माहिती बाहेर पुरवायला बंदी आहे. इंग्लंडच्या कीरन ट्रिपियरने स्वतःच्या क्लबबदलाची कुणकुण मित्रांना लागू दिली, त्याबद्दल डिसेंबर २०२० मध्ये त्याला दहा आठवडे घरी बसवले. मेहुण्यांना हा नियम लागू नाही.

अमुक खेळाडू गोल करील अशी पैज असली आणि तो मैदानात उतरलाच नाही, तर दुकाने सहसा पैसे परत देतात. हिशेबनीस ही रक्कम कमाईत धरतो. खेळाडू सुरुवातीपासून उतरला तर मात्र पैज पक्की, मग तो किती का वेळ टिकेना. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याआधी अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या दिएगो कोस्टाची मांडी दुखावली होती. तो बेलग्रेडला जाऊन घोडीच्या वारेचा उपचार करून आला, संघात आला आणि नवव्या मिनिटाला बाहेर आला. वहीत त्या तारखेला तेवढीच ओळ आहे: ‘घोडी: नऊ मिनिटे.’